एकास सदतीस, एकास बारा

इगतपुरीकडे निघालेली गाडी कसाऱ्याला थांबली की तिच्या मागे जादा इंजिनं जोडतात. रेल्वेची माणसं त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात आणि गाडी थळ घाट चढते. 1865 साली रेल्वे या घाटातून वर गेली. घाटाचा चढ एकास सदतीस आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे सरकलं की एक मीटर उंची. पायी चालणाऱ्याला एवढा चढ फारसा जाणवत नाही. पण हजार टनांची गाडी त्यावरून न्यायची तर सत्तावीस टनांचा जोर सतत लागतो. त्यात रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी, त्यामुळे पुढच्या इंजिनाला मागून आधार द्यावाच लागतो.

आमच्या सूर्यमाळ गावाहून मुंबईचा रस्ता खोडाळा, विहीगाव करत याच कसाऱ्याला उतरतो. मी व्हीलचेअरवर फिरते, त्यामुळे चढाचा हिशेब मला कागदावर मांडावा लागत नाही, खांदे तो आपोआप मांडतात. माझ्या रोजच्या जगण्यातला आकडा सदतीस नव्हे, बारा आहे. इमारतींच्या नियमांत व्हीलचेअरच्या रॅम्पचा चढ जास्तीत जास्त एकास बारा असावा असं लिहिलेलं असतं. थळ घाटाच्या तिप्पट. घाटात गाडीला मागून इंजिनं लागतात. रॅम्पवर खुर्चीत बसलेल्या माणसाला दोन हात असतात आणि चाकाबाहेरचं गोल कडं.

हा बाराचा आकडा आला कुठून? अमेरिकेत 1961 साली अपंग व्यक्तींना वापरता येतील अशा इमारतींसाठी पहिलं राष्ट्रीय मानक तयार झालं. त्यामागचं संशोधन इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट यांच्या देखरेखीखाली झालं होतं. तिथल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष रॅम्प चढून पाहिले. त्या मानकात एकास बारा हा चढ नोंदला गेला आणि तिथून तो जगभर गेला. आपल्या देशातल्या नियमांतही तोच आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. चढून पाहणारे बहुतेक तरुण होते, हातांत बळ असलेले. साठीतल्या बाईला किंवा खांदे दुखावलेल्या माणसाला हा आकडा सोपा नाही. एकास बारा ही शेवटची मर्यादा आहे. बांधणारे तिला आदर्श समजतात, तिथे गणित बिघडतं.

हिशेब असा. माणूस सत्तर किलोचा आणि खुर्ची वीस किलोची धरली तर नव्वद किलो. एकास बाराच्या चढावर त्यातले साडेसात किलो सतत मागे खेचत असतात. साडेसात किलोचं ओझं हातांनी धरून ठेवायचं आणि त्याच हातांनी पुढेही सरकायचं. हात सोडला की खुर्ची मागे जाते. म्हणून प्रत्येक नऊ मीटरला दीड मीटर सपाट जागा द्यावी असा संकेत आहे, तिथे दम घेता येतो. उतरताना जोर लागत नाही, पण कडं तळहातातून घासत जातं आणि तळहात भाजतो.

हे सगळं सांगायचं कारण मुंबईतली नवी भुयारी मेट्रो. आरे ते कफ परेड ही मार्गिका साडेतेहतीस किलोमीटरची आहे. तिच्यावर सत्तावीस स्थानकं आहेत आणि आरे सोडलं तर बाकी सव्वीस जमिनीखाली. पहिला टप्पा, आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, 7 ऑक्टोबर 2024 रोजी प्रवाशांसाठी सुरू झाला. मे 2025 मध्ये गाडी आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि 9 ऑक्टोबर 2025 पासून पार कफ परेडपर्यंत जाऊ लागली. वीस-पंचवीस मीटर खाली, दाट वस्तीच्या, जुन्या इमारतींच्या पायाखालून हे बोगदे खणले गेले.

वीस मीटर खोल जागी रॅम्पने उतरायचं ठरवलं तर एकास बाराच्या हिशेबाने दोनशे चाळीस मीटर रॅम्प लागेल. मधल्या सपाट जागा धरल्या तर दोनशे ऐंशीच्या आसपास. परत वर येताना तेवढाच चढ, थळ घाटाच्या तिप्पट. कोणाच्याही हातांना हे झेपणार नाही. म्हणून भुयारी स्थानकात व्हीलचेअरसाठी एकच उपाय उरतो, लिफ्ट. जमिनीवरच्या स्थानकात रॅम्पची तडजोड करता येते, चार माणसं बोलावून खुर्ची उचलता येते. वीस मीटर खोलीवर ती सोय नाही. खोली इतकी आहे की आराखड्यातच लिफ्ट घ्यावी लागते. गावाकडे कोणाला सांगितलं की जमिनीखाली वीस मीटरवर जाणं मला स्टेशनचा पूल चढण्यापेक्षा सोपं गेलं, तर त्यांना नवल वाटतं. त्याचं कारण या खोलीतच आहे.

पण मेट्रोपर्यंत पोचण्याआधीचं अंतर सांगायला हवं, कारण माझ्यासारखी बहुतेक माणसं त्याच अंतरात अडकलेली आहेत. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक. देशातल्या या व्यक्तींपैकी सुमारे 69 टक्के खेड्यांत राहतात. लिफ्ट मात्र शहरात असते.

सूर्यमाळ हे मोखाडा तालुक्यातलं पठारावरचं गाव, पालघर जिल्ह्यातल्या सगळ्यांत उंच जागांपैकी. जून ते सप्टेंबर पाऊस हटत नाही. नागली आणि वरईची शेतं उतारावर असतात, पाडे एकमेकांपासून लांब. घराला ओटा, ओट्याला पायऱ्या, दाराला उंबरा. अंगणापलीकडे पायवाट सुरू होते आणि पावसाळ्यात तिचा चिखल होतो. शिबिरात मिळते ती घडीची खुर्ची दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीसाठी बनलेली असते. तिची पुढची चाकं लहान, ओल्या मातीत ती रुततात. चिखलात सपाट जागीसुद्धा रॅम्प चढल्याइतका जोर लागतो.

म्हणून आमच्याकडे माणसाला उचलतात. आजारी असेल, बाळंतीण असेल, तर बांबूला चादर किंवा घोंगडी बांधून डोली करायची आणि दोघांनी खांद्यावर घ्यायची. ही डोली जुन्या काळात संपलेली नाही. ऑगस्ट 2022 मध्ये बोटोशी गावच्या मरकटवाडीतून एका बाळंतिणीला रस्ता नसल्याने असंच डोलीतून न्यावं लागलं. तिची नुकती जन्मलेली जुळी बाळं वाचली नाहीत. त्या वेळी ही बातमी राज्यभर पोचली होती. मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांतल्या बायकांना ती वाचून धक्का बसला नाही. त्यांना असा रस्ता ठाऊक होता.

मलाही उचलून नेलेलं आहे, पुष्कळदा आणि प्रेमानेच. उचलणाऱ्या खांद्यांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. तरी ज्याला उचलून न्यावं लागतं त्याला स्वतःच्या वेळेला निघता येत नाही. खांदे देणारे शेतावरून आले, वीटभट्टीवरून परतले, की निघायचं. भातकापणी झाल्यावर अर्धा पाडा भिवंडी-वसईकडे भट्ट्यांवर जातो, तेव्हा गावात खांदेच उरत नाहीत. आणि बाईला उचलायचं म्हटलं की आणखी एक गोष्ट येते. अनोळखी पुरुषाने काखेत हात घालून उचलावं, आजूबाजूच्या माणसांनी बघत उभं राहावं, आणि आपण साडीचा काठ सावरत "सावकाश, दादा" म्हणावं. मदत खरी असते, अवघडलेपणही खरंच असतं. अपंग मुलींना घरचे बाहेर पाठवत नाहीत याचं एक कारण हे आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मुंबईला निघायचं तर कसाऱ्यापर्यंत जीप. एसटीत भाड्याची पंचाहत्तर टक्के सवलत आहे, पण बसच्या पायऱ्या उंच आहेत आणि सवलतीने पायरी खाली येत नाही. कसाऱ्याहून मुंबई सुमारे 121 किलोमीटर, लोकलने अडीच तासांच्या वर. लोकलमध्ये दिव्यांगांसाठी वेगळा डबा असतो, ही मोठी सोय आहे. त्यात शिरणं मात्र दुसऱ्याच्या बळावर अवलंबून असतं, कारण डब्याची फरशी फलाटापेक्षा उंच असते आणि मधे फट असते.

ही उंची आणि ही फट का राहते, हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या रेल्वेचे रूळ खडीवर टेकलेले असतात. गाड्यांच्या वजनाने खडी दबते, सरकते. ती पुन्हा भरून घट्ट करताना रुळाची पातळी हळूहळू वर येते, फलाट मात्र जागच्या जागी राहतो. त्यातून फलाट वळणावर असला तर डब्याचा सरळ दरवाजा वक्र कडेपासून दूर पडतो. शिवाय त्याच मार्गावरून मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या जातात. त्यांची रुंदी वेगळी, उंची वेगळी. फलाट सगळ्यांना चालेल इतका मागे आणि इतका खाली ठेवावा लागतो. मुंबईत फटीत पडून माणसं जायबंदी झाली, उच्च न्यायालयाने विचारणा केली, तेव्हा गेल्या दशकात फलाट 900 मिलिमीटरच्या वर नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. त्याने अपघातांचा धोका कमी होतो. व्हीलचेअर मात्र अजून आपली आपण आत जात नाही.

शेवटच्या स्थानकाची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला फार आवडते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रुळांचं टोक आहे. रूळ जिथे संपतात तिथून सरळ पुढे गेलं की माणूस स्टेशनच्या मोठ्या दालनात येतो. पूल नाही, जिना नाही. 1888 साली पुरी झालेल्या या इमारतीत कोणी व्हीलचेअरचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. सामानाच्या गाड्या आणि हजारो माणसांची ये-जा सुकर व्हावी म्हणून ती सपाट झाली असावी. तरी तिचा लाभ मला होतो. चाकांवरचं सामान आणि चाकांवरचं माणूस यांची गरज एकच आहे. ट्रंका घेतलेला हमाल, बाबागाडी ढकलणारी आई, गुडघे दुखणाऱ्या आजी हे सगळे सपाट वाटेचे प्रवासी आहेत.

मेट्रोत उतरायचं म्हणजे आधी योग्य दार शोधायचं. भुयारी स्थानकाला बरीच तोंडं असतात, रस्त्याच्या या बाजूला, त्या बाजूला. जिने बहुतेक ठिकाणी असतात. लिफ्ट मात्र त्यातल्या एखाद-दोन तोंडांशीच असते. चालणारा माणूस चुकीच्या दाराशी गेला तर तो तिथूनच खाली उतरतो. व्हीलचेअरवाल्याला रस्ता ओलांडून दुसरीकडे जावं लागतं, आणि मुंबईतला रस्ता ओलांडणं हा स्वतंत्र प्रवास आहे. माझा धाकटा भाऊ सोबत होता. तो आधी पुढे जाऊन पाहून आला आणि म्हणाला, "ताई, इथूनच आहे, चल." मग आम्ही गेलो.

पहिली लिफ्ट रस्त्यापासून तिकिटाच्या मजल्यावर नेते, दुसरी तिथून फलाटावर. लिफ्ट दोन का, एकच सरळ खाली का जात नाही? तिकीट तपासणीची सीमा मधल्या मजल्यावर असते म्हणून. एकच लिफ्ट रस्त्यावरून फलाटावर गेली तर तिकीट न काढता माणूस गाडीत जाऊन बसेल. हिशेब साधा आहे, पण परिणाम मोठा. दोनपैकी कोणतीही एक बंद पडली तरी माझ्यासाठी अख्खं स्थानक बंद.

लिफ्टमधली बटणं बसल्या बसल्या हाताला लागतील अशा उंचीवर होती. त्यांच्यावर ब्रेलची अक्षरं होती. दरवाजा किमान नव्वद सेंटिमीटर उघडावा असा संकेत आहे. खुर्ची साधारण पासष्ट सेंटिमीटर रुंद असते आणि कडं फिरवणाऱ्या कोपरांना दोन्हीकडे जागा लागते, हे तो आकडा ठरवणाऱ्याला माहीत होतं. तिकिटाच्या फाटकांच्या रांगेत एक फाटक जास्त रुंद होतं. त्या फाटकातून मी तिकीट टेकवून आत गेले आणि मागे वळून भावाकडे पाहिलं. तो नेहमीच्या फाटकातून आला होता. आम्ही दोघंही एकाच वेळी, आपापल्या फाटकातून आलो होतो. या गोष्टीचं मोल शब्दांत सांगता येईल की नाही मला माहीत नाही, पण त्या क्षणी मी फार आनंदात होते.

फरशीवर पिवळ्या उंचवट्यांची पट्टी सगळीकडे धावते. ही पट्टी दृष्टिहीन प्रवाशांसाठी असते. लांबट रेघा म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काही आहे. जपानच्या सेइची मियाके यांनी 1965 साली तिची कल्पना काढली आणि 18 मार्च 1967 रोजी ओकायामा शहरात दृष्टिहीनांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली गेली. व्हीलचेअरची लहान चाकं या ठिपक्यांवरून जाताना थरथरतात. ज्यांचा कणा दुखावलेला आहे त्यांना ती थरथर त्रास देते. एकाची सोय दुसऱ्याला किंचित खुपते ती इथे. पट्टी काढून टाकणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. तिच्या शेजारी पुरेशी रुंद, गुळगुळीत वाट ठेवली की दोघांचंही भागतं.

फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे असतात. गाडी नेमक्या जागी थांबते, काचेचे आणि डब्याचे दरवाजे एकत्र उघडतात. खाली रूळ दिसत नाहीत. लोकलच्या फलाटावर मी कायम कडेपासून दूर बसते, खुर्चीला ब्रेक लावून, कारण गर्दीचा एक धक्का पुरतो. इथे मी दरवाजापाशी जाऊन थांबले.

आणि मग तो क्षण, ज्यासाठी मी आले होते. डब्याची फरशी आणि फलाट जवळजवळ एका पातळीत. भुयारी मेट्रोत हे जमतं त्यामागे लोकलच्या उलट कारणं आहेत. इथे रूळ खडीवर नाहीत, काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेले आहेत. ते दबत नाहीत, वरही येत नाहीत. या मार्गावर एकाच प्रकारच्या गाड्या धावतात, त्यामुळे फलाटाची कड त्यांच्या अंगालगत आणता येते. फलाट सरळ ठेवलेले असतात. आणि डब्याखाली हवेच्या स्प्रिंगा असतात. प्रवासी वाढले, डबा दबू लागला की त्यांच्यात जास्त हवा भरली जाते आणि फरशी पुन्हा पूर्वीच्या उंचीला येते. अडीच हजारांच्या आसपास माणसं घेणारी आठ डब्यांची गाडी रिकामी असो वा भरलेली, दारातली पातळी फारशी बदलत नाही.

अमेरिकेच्या नियमांत नव्या मेट्रोसाठी फट पंचाहत्तर मिलिमीटरपर्यंत चालते. ही फट ओलांडताना चाकाचं काय होतं हे गणिताने सांगता येतं. साडेबारा सेंटिमीटर व्यासाचं पुढचं लहान चाक त्या फटीत सुमारे सव्वा सेंटिमीटर खाली उतरतं. साठ सेंटिमीटरचं मागचं मोठं चाक उतरतं फक्त दोन-अडीच मिलिमीटर. म्हणून अनुभवी माणूस अशा जागी खुर्ची वळवून मोठी चाकं आधी नेतो आणि मागे मागे आत जातो. आणि कायम काटकोनात, कारण तिरकं गेलं तर लहान चाक वळून फटीच्या लांबीत अडकतं. नवख्या मदतनीसाला एवढं एकच शिकवलं तरी पुष्कळ. मी मात्र त्या दिवशी सरळ पुढे गेले. फट तेवढी मोठी नव्हतीच. हात कड्यावर ठेवला, एक जोर दिला, आत. कोणी उचललं नाही, कोणी धरलं नाही. डब्यात व्हीलचेअरसाठी राखलेल्या जागेत ब्रेक लावून बसले आणि खिडकीबाहेरच्या काळोखाकडे पाहत राहिले.

हे सगळं आपोआप झालेलं नाही. लंडनची भुयारी रेल्वे 1863 ची, जगात पहिली, आणि आजही तिच्या सुमारे एक तृतीयांश स्थानकांतच पायरीविना जाता येतं. जुन्या बोगद्यात लिफ्टची विहीर मागाहून खणणं अतिशय खर्चिक असतं. म्हणून खरी लढाई आराखड्याच्या कागदावर होते, खोदकाम सुरू होण्याआधी. ती पहिल्यांदा जिंकली सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या हॅरोल्ड विल्सन यांनी. ते वेस्ट व्हर्जिनियातले कोळसा खाणीतले कामगार. खाणीतल्या अपघातात त्यांच्या पायांतलं बळ गेलं, पुढे ते कैसर या आरोग्यसंस्थेत आर्थिक विश्लेषक झाले. 1960 च्या दशकात नव्या रेल्वेचे आराखडे निघाले तेव्हा त्यांनी स्थानकांत लिफ्ट हव्यात म्हणून चिकाटीने पाठपुरावा केला, अभियंत्यांना मोजमापं दिली. 1972 साली सुरू झालेल्या त्या रेल्वेच्या स्थानकांत लिफ्ट आल्या. जमिनीखाली पायांतलं बळ गमावलेल्या माणसाने इतरांसाठी जमिनीखालची वाट उघडली, आणि त्याचं नाव आपल्याकडे कोणाला ठाऊक नसावं याचं मला वाईट वाटतं.

आपल्या देशात भुयारी रेल्वे आधी कोलकात्यात धावली, 1984 साली. 2002 च्या डिसेंबरात दिल्ली मेट्रो आली. तिच्या आराखड्यांच्या वेळी सामर्थ्यम संस्थेच्या अंजली अगरवाल आणि संजीव सचदेवा यांच्यासारख्या, स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसांनी उतार, फाटकं आणि लिफ्ट तपासल्या. पुढच्या शहरांतल्या मेट्रोंना तो नमुना मिळाला. पुण्यात जिल्हा न्यायालयाच्या स्थानकात फलाट तेहतीस मीटर खोल आहे, तिथेही व्हीलचेअरवरचा माणूस लिफ्टनेच उतरतो.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आधी 1995 चा होता, मग 2016 चा आला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले आणि जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम कराव्यात असं कलम आलं. ती मुदत 2022 मध्ये सरली. राजीव रातुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याने 2005 मध्येच सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात न्यायालयाने सुगमतेच्या नियमांपैकी पंधरावा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. त्यातली मार्गदर्शक तत्त्वं नुसत्या शिफारशी होऊन बसली होती. किमान बंधनकारक निकष ठरवा, तीन महिन्यांत, असा आदेश झाला. माझ्या दृष्टीने या निकालाचा गाभा व्यवहाराचा आहे. रॅम्प आहे, पण एकास पाच. शौचालय आहे, पण आत खुर्ची वळत नाही. अशा इमारतीला "सुविधा आहे" असा शेरा मिळत राहिला, कारण किमान किती हे पाळायचं बंधन कोणावर नव्हतं. खुर्चीला पूर्ण वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. सव्वा मीटरमध्ये ती वळत नाही, मग दारावर कोणतंही चित्र रंगवा.

आता लिफ्ट बंद पडण्याविषयी. 26 मे 2025 ला मुंबईत अवेळी मुसळधार पाऊस झाला आणि आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशाच्या बाजूने ते आत आलं होतं. तेवढ्या भागातली गाड्यांची ये-जा थांबवावी लागली. चालणारी माणसं अशा वेळी जिना चढून बाहेर पडतात. आग लागली तर लिफ्ट वापरायची नाही हा सर्वसाधारण नियम. भुयारी स्थानकांसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकात फलाट चार मिनिटांत रिकामा व्हावा आणि सहा मिनिटांत माणसं सुरक्षित जागी पोचावीत असं गणित आहे. त्या सहा मिनिटांत व्हीलचेअरवरचा माणूस कुठे असतो? त्यासाठी धुरापासून सुरक्षित अशी थांबायची जागा, जिन्यावरून घसरवत नेता येणारी खास खुर्ची आणि ती वापरायचा सराव असलेले कर्मचारी लागतात. अग्निशमनाच्या कवायतीत व्हीलचेअरवाल्या खऱ्या प्रवाशांना बोलवावं. पुठ्ठ्याचा किंवा गोणीचा माणूस ओरडत नाही, घाबरत नाही आणि त्याचे पाय पट्ट्यातून निसटत नाहीत.

आग आणि पूर क्वचित येतात. लिफ्टची दुरुस्ती मात्र वारंवार लागते, यंत्रच आहे ते. चालणाऱ्याच्या दृष्टीने ती किरकोळ गैरसोय, सरकता जिना आहेच. वॉशिंग्टनच्या मेट्रोत कोणत्या स्थानकातली लिफ्ट बंद आहे हे आधीच जाहीर केलं जातं आणि तिथे उतरणाऱ्या अपंग प्रवाशाला शेजारच्या स्थानकातून गाडीने पोचवायची व्यवस्था असते. यात कोणतंही अवघड तंत्रज्ञान नाही. लिफ्ट चालू की बंद हे तिच्या यंत्रालाच माहीत असतं, ते फोनवर दिसायला हवं आणि स्थानकाच्या प्रत्येक तोंडाशी लिफ्ट कोणत्या दिशेला आहे याचा बाण हवा. मुंबईत राहणाऱ्याला बंद लिफ्टमुळे अर्धा तास वाया जातो. खोडाळ्याहून, मोखाड्याहून, जव्हारहून आलेल्या माणसाचा दिवस जातो, जीपचं भाडं जातं, सोबत आलेल्या भावाची मजुरी जाते. ही माहिती मला सूर्यमाळला हवी, पहाटेची जीप ठरवायच्या आधी.